उन्हाळ्याचं माप

गाडी जळगावच्या एका पोराकडून घेतली, वापरलेली,
पुढचं एक चाक वाकडं, रिमोटला सेलोटेप.
डाळमिलमधल्या हिशेबाच्या पगारातून
दोन महिने बाजूला काढून.
निंबाबाईनं गच्चीवरून विचारलं, "कोनाकरता लिधी वं?"
"मनाकरता," मी म्हटलं.
ती पापड उलटायचं विसरली.

बोरीचं पात्र चैत्रातच कोरडं. पहिल्याच दिवशी पळवली
आणि वीसेक पावलांवर गाडी थांबली,
मोटर मात्र फिरतच राहिली,
समोरचा उठून गेल्यावरही बोलत बसलेल्या माणसासारखी.
घरी येऊन झाकण उघडलं.
मोठ्या दातेरी चाकाचे अकरा दात सपाट.
आधीच्यानं मोटर सैल बसवलेली,
दात दातांवरून नुसते घसरत होते.
उरलेल्यांत वाळूचा एक कण,
चकाकत,
आपला काही संबंध नसल्यासारखा.

नवं चाक कुरियरनं आलं, नवव्या दिवशी.
सोबत चिठ्ठी : दोन चाकांच्या मधे कागदाची पट्टी घाला,
मोटर सरकवून टेकवा, स्क्रू आवळा,
चाक फिरवून कागद काढून घ्या.
कोणता कागद, ते नाही लिहिलं.
वहीचा पुठ्ठा जाड होतो. पेपर फाटतो, निम्मा आतच राहतो.
लाइट बिल बरं.
मागील थकबाकीच्या रकान्यातून पट्टी कापली,
पलीकडून निघाली ती बारीक चुण्यांची,
लुगड्याच्या निऱ्या घातल्यासारखी, कुठेच भोक नाही.
म्हटलं, जमलं.

नाना खाटेवर बसून बघत होते.
एकतीस वर्षं मिलच्या लूम खात्यात,
कान तिथेच ठेवून आले.
मी म्हणते, आवाजावरून कळतं नाना,
घट्ट असलं की शिट्टीसारखं कुईं,
सैल असलं की खडखड…
आणि बोलता बोलता कळतं, कोणाला सांगतेय.

त्यांनी माझ्या हातातला पेचकस घेतला,
टोक मोटरच्या बुडाशी, मूठ कानामागच्या हाडावर,
डोळे मिटले.
"चालू कर."
केली.
"आजून घट्ट शे."
माझ्या दोन चांगल्या कानांना काहीच खटकलं नव्हतं.

मग चाक पाव पाव फेरा फिरवून
दर ठिकाणी नखानं हलवून पाहिलं.
सगळीकडे नखाला जरासा हेलकावा,
एका जागी नाही.
कोणतंच चाक पुरतं गोल नसतं, म्हणाले,
जिथं फुगलंय तिथं माप घ्यायचं.

हे सगळं सकाळी साडेसहाला, माठ गार असताना.
दुपारी पंचेचाळीस.
पत्रा तापून एकटाच कडकड वाजतो.
गाडी ओसरीत, सावलीला होती, तरी चालू केली तर कुईं,
हे तर मलाही ऐकू आलं.
प्लास्टिक फुगतं.
चिठ्ठी लिहिणाऱ्यानं मे महिन्यातलं अमळनेर
पाहिलेलं नाही.

नाना हसले. मिलमध्येही उन्हाळ्याचं माप वेगळं असायचं म्हणे,
केसभर जास्त, कुठे लिहिलेलं नसायचं.
कोनाड्यात या लगीनसराईच्या पत्रिका साठल्या होत्या.
त्यांनी सगळ्यात जाड पाकीट निवडलं, बोटांत चोळून.
कात्री 'सहकुटुंब'मधून गेली.
स्क्रू ढिला, पट्टी आत, मोटर टेकवली, स्क्रू घट्ट.
या वेळी मूठ माझ्या हाडावर टेकवली त्यांनी.
आत काहीतरी लांबवर चालल्यासारखं,
कोणीतरी शेजारच्या खोलीत
मन लावून सुपारी कातरतंय.

संध्याकाळी पात्रात वाळू अजून कोमट.
गाडी पार पुलाखालपर्यंत गेली, वळली,
धुळीची एक शेपटी घेऊन परत आली.
नाना काठावर चपला काढून बसलेले.
"आवाज?" त्यांनी विचारलं.
मी मान हलवली, येत नाही.
"मले बी नही," म्हणाले,
आणि रिमोटसाठी हात पुढे केला.